घरी बर्गर-फ्राइजचा बेत करायचा तर आधी पाण्याचा बंदोबस्त करा

घरी बर्गर केला की दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एक म्हणजे खाताखाता खालचा पाव ओला होऊन हातात येतो, आणि दुसरी म्हणजे फ्राइज कढईतून ताटात येईस्तोवर मऊ पडतात. दोन्हीचं कारण एकच आहे, पाणी. बटाट्यात पाणी, टोमॅटोत पाणी, पॅटीत पाणी, सॉसमध्ये पाणी, आणि ते कुठेतरी जाणारच ना, कुठे जायचं ते आपण ठरवलं नाही तर ते सरळ पावात जातं. त्यामुळे खाली बन, पॅटी, सॉस, फ्राइज असं सगळं घरीच कसं करायचं ते सांगतेय, पण खरं सांगायचं तर सगळीकडे मी पाण्याबद्दलच बोलणार आहे.

माप ८ बर्गरचं आहे, म्हणजे चार-पाच जणांचं घर व्यवस्थित जेवतं. एका दिवसात होतं सगळं पण क्रम नीट लावावा लागतो. आदल्या रात्री राजमा भिजत घालायचा, सकाळी शिजवून निथळत ठेवायचा, दुपारी बटाट्याचं पहिलं तळण उरकून घ्यायचं, तीन-साडेतीनला बनचं पीठ मळायचं, ते फुगतंय तोवर पॅटी आणि सॉस. संध्याकाळी सातला फक्त पॅटी भाजणं, फ्राइजचं दुसरं तळण आणि बर्गर रचणं एवढंच उरतं. सगळं सहा वाजता सुरू केलंत तर नऊ वाजता पोरं बिस्किटं खाऊन झोपलेली असतील.

बटाटे

ह्यावर मी सगळ्यात जास्त बोलणार, कारण फ्राइज बिघडतात ते नव्वद टक्के बटाट्यामुळे आणि आपण दोष देतो तेलाला. आपण इंदूरवाले ह्या बाबतीत नशीबवान आहोत, माळव्याचा बटाटा चिप्सवाल्या कंपन्या मुद्दाम उचलतात कारण त्यात पाणी कमी, साखर कमी आणि गर भरपूर. चोइथराम मंडीत किंवा आपल्या नेहमीच्या भाजीवाल्याकडे चिप्सोना म्हणून मागा, शिमल्याच्या बटाटा संशोधन केंद्राने १९९८ साली खास चिप्ससाठी म्हणून ही जात काढली, फ्राइजलाही छान जाते. ती नसेल तर ज्योती चालेल. लांबट, मोठे, घट्ट बटाटे निवडायचे, गुल्ला म्हणून जो बारीक बटाटा येतो तो दमआलूला ठेवा.

आता कोल्ड स्टोरेजचा बटाटा. फार थंडीत ठेवलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते, आणि अशा बटाट्याचे फ्राइज आतून शिजायच्या आधीच बाहेरून काळपट तपकिरी होतात, चवीला पण किंचित गोड-कडू. म्हणून घरी बटाटा कधीच फ्रिजमध्ये ठेवू नका. कोल्ड स्टोरेजचाच मिळाला असेल तर टोपलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात दहा-पंधरा दिवस तसाच राहू द्या, साखर बऱ्यापैकी कमी होते. हिरवा पडलेला भाग दिसला तर खोलवर कापून टाका, आणि बटाटा बराचसाच हिरवा असेल तर तो अख्खा टाका, तो भाग खायचा नसतो.

बटाटा कोरडा आहे की पाणीदार हे बघायचं असेल तर एक सोपी परीक्षा आहे, साडेपाच वाट्या पाण्यात अर्धी वाटी मीठ विरघळवा आणि त्यात बटाटा सोडा. तळाशी बसला तर गर भरपूर, फ्राइजला घ्या, तरंगला तर पाणीदार, त्याची रस्सा भाजी करा.

दीड किलो बटाटे सोला आणि एक सेंटिमीटर जाडीच्या लांब काड्या कापा, म्हणजे साधारण करंगळीपेक्षा थोड्या बारीक. सगळ्या एकसारख्या हव्यात, कारण बारीक काडी जळते तोवर जाड काडी कच्चीच असते. कापता कापता गार पाण्यात टाकत जा आणि मग पाणी नितळ दिसेपर्यंत तीन-चारदा धुवा, वरचा सुटा स्टार्च गेला पाहिजे नाहीतर काड्या एकमेकींना चिकटतात.

मग मोठ्या पातेल्यात ३ लिटर पाणी, त्यात ३ मोठे चमचे साधं पांढरं व्हिनेगर आणि २ मोठे चमचे मीठ, उकळी आली की काड्या घाला आणि सात-आठ मिनिटं उकळा. हे व्हिनेगर चवीसाठी नाहीये, आंबट पाण्यात बटाट्याचं पेक्टिन, म्हणजे त्याच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारा डिंक, लवकर विरघळत नाही त्यामुळे काडी आतून शिजते पण तुटत नाही, आणि तळल्यावर आंबटपणा जाणवत पण नाही. सुरी सहज आत गेली पाहिजे पण काडी उचलल्यावर वाकून मोडता कामा नये. लगेच चाळणीत उपसा आणि सुती पंचावर एकेक सुटी पसरून पंखा फुल करून द्या. पंधरा-वीस मिनिटं. ही पायरी कंटाळा करून गाळू नका, वरचं पाणी पंख्यावर फुकटात उडतं, तेच तेलात उडवायला गेलात तर तेल थंड पडतं आणि बटाटा तेल पितो.

आता तळण दोनदा. आपल्याला हे काही नवीन नाही, थंडीत सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडूवाला (गराडू म्हणजे एक कंद) काय करतो बघा, आधी तळून ढीग रचून ठेवलेला असतो आणि तुम्ही मागितला की परत कडकडीत तेलात टाकून वर जीरावन मसाला मारून देतो. बेल्जियममध्ये फ्राइज अशाच दोनदा तळतात. पहिल्या तळणात आतला बटाटा शिजून मोकळा होतो आणि वर एक पातळ साल धरते, दुसऱ्या तळणात ती साल कडक होते.

पहिलं तळण मध्यम तेलात, १५० ते १६० डिग्री. इकडे घरोघरी सोयाबीनचं रिफाइंड असतंच, तेच घ्या, शेंगदाण्याचं असेल तर अजून छान. कढई अर्ध्याच्या वर भरू नका, ओला बटाटा पडला की तेल फसफसून वर येतं. थर्मामीटर असेल तर उत्तम, खरंच घेऊन ठेवा, नसेल तर लाकडी उलथन्याचं टोक तेलात बुडवा, बारीक बारीक बुडबुडे संथपणे यायला लागले की पहिल्या तळणाला तयार, आणि बुडवल्या बुडवल्या जोरात आले की दुसऱ्या तळणाला तयार. एका वेळी दोन मुठींपेक्षा जास्त काड्या घालू नका. चार-पाच मिनिटं, रंग अजिबात यायला नको, फक्त वरून जराशी कोरडी दिसली की काढा, जाळीवर पसरा, आणि पूर्ण गार होऊ द्या. अर्धा तास तरी. इथे थांबून ताटात एकेक सुटी ठेवून फ्रीजरमध्ये कडक करून पिशवीत भरून ठेवल्या तर महिनाभर टिकतात, आणि खरं तर गोठवलेल्या काड्या जास्त चांगल्या होतात, कारण आत बर्फाचे खडे होऊन बटाट्याच्या पेशी फुटतात आणि तळताना पाणी पटकन बाहेर पडतं. गोठलेल्या काड्या तेलात घालताना मात्र वरचा बर्फ झटकून थोड्या थोड्याच घाला.

दुसरं तळण अगदी जेवायला बसायच्या आधी, १८५ ते १९० डिग्री, अडीच-तीन मिनिटं. इथे घड्याळापेक्षा कानाने ऐका. काड्या पडल्या की तेल खवळतं, मोठे मोठे बुडबुडे, जोराचा चरचराट, तो सगळा आवाज आतलं पाणी वाफ होऊन पळण्याचा आहे. मिनिट-दीड मिनिटाने बुडबुडे बारीक होत जातात, आवाज खाली येतो, आणि मग झारा फिरवला की काड्या एकमेकींवर आपटून खडखड वाजायला लागतात. रंग फिकट सोनेरी असला तरी चालेल, खडखड वाजल्या की काढा. जाळीवरच काढायच्या, पेपरवर नको. टिश्यूवर ढीग केला तर खालच्या काड्या वरच्यांच्या वाफेने मऊ पडतात, आणि वर्तमानपत्रावर तर काढूच नका, शाई अन्नात उतरते म्हणून एफएसएसएआय ह्या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ सालीच ह्यावर सूचना काढली होती.

मीठ काढल्या काढल्या घाला, गरम असतानाच चिकटतं. आणि अर्ध्या फ्राइजवर जीरावन, हे मी आग्रहाने सांगेन. काळं मीठ, आमचूर, जिरं, हिंग सगळं त्यात आहेच, वेगळा पेरी-पेरी मसाला आणायची गरज काय? फक्त जीरावनमध्ये मीठ असतं हे लक्षात ठेवून आधीचं मीठ कमी घाला.

माझी भाची मला विचारते, "मावशी, लिंबू पण पिळू का गं, गराडूसारखं?" तर पिळा, पण खायच्या क्षणी, ताटात घेतल्यावर. आधी पिळलंत तर इतका वेळ जे पाणी घालवलं तेच परत आणलं.

बन

विकतचा बन बरेचदा इतका हलका असतो की पॅटीचं वजन पेलत नाही. घरचा जरा दमदार होतो आणि दुसऱ्या दिवशीपण मऊ राहतो, त्यासाठी एक युक्ती आहे जी जपानी मिल्क ब्रेडमध्ये वापरतात. एकूण ४०० ग्रॅम मैदा आणि २८० मिली दूध घ्या. त्यातला २० ग्रॅम मैदा १०० मिली दुधात गाठी न ठेवता कालवून मंद गॅसवर ढवळत राहा, दोनेक मिनिटांत घट्ट पेस्ट होते, ती गार करा. शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो म्हणून बन कोरडा पडत नाही. बघा, फ्राइजमधून पाणी हाकलायचं आणि बनमध्ये कोंडून ठेवायचं.

उरलेलं दूध कोमट करा, बोट घातलं तर चटका बसायला नको, जास्त गरम दुधात यीस्ट मरतं. परातीत उरलेला मैदा, ३५ ग्रॅम साखर, ७ ग्रॅम मीठ, ६ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ती पेस्ट आणि दूध घालून गोळा करा. यीस्ट सियागंज बाजारात बेकरीचं सामान ठेवणाऱ्यांकडे मिळतं किंवा ऑनलाइन मागवा, पाकीट फोडल्यावर बंद डब्यात फ्रीजरमध्ये ठेवा. पीठ पहिल्यांदा चिकट लागेल, वरून मैदा भुरभुरवत बसू नका, मळत राहा. पाचेक मिनिटांनी सुटायला लागतं, मग ४५ ग्रॅम मऊ बटर थोडं थोडं घालत अजून दहा मिनिटं मळा. बटर शेवटी अशासाठी की आधीच घातलं तर मैद्याला ताण यायला वेळ लागतो, आणि आपल्याकडचा मैदा तसाही जरा कमजोरच असतो. झालं की नाही हे बघायला लहानसा तुकडा बोटांनी चारी बाजूंनी ताणा, न फाटता इतका पातळ व्हायला हवा की पलीकडचा उजेड दिसेल.

झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवा. किती वेळ ते घड्याळाला विचारू नका, मे महिन्यात इंदुरात पाऊण तासात फुगतं आणि जानेवारीच्या थंडीत दोन तासही लागतात, तेव्हा बंद ओटीजीमध्ये (घरच्या छोट्या ओव्हनमध्ये) गरम पाण्याच्या वाटीशेजारी ठेवा, ओटीजी चालू न करता. मग हवा काढून ८ भाग करा, साधारण ९५ ग्रॅमचा एक, घट्ट गोल वळा, ट्रेमध्ये अंतर ठेवून मांडा आणि तळहाताने थोडे चपटे करा, नाहीतर बन चेंडूसारखे उंच होतात आणि बर्गर तोंडात मावत नाही. परत अर्धा-पाऊण तास. बोटाने हलकं दाबलं तर खड्डा हळूहळू भरून आला पाहिजे. वरून दूध लावा, तीळ भुरभुरवा, १९० डिग्रीला गरम केलेल्या ओव्हनमध्ये मधल्या कप्प्यात १५ ते १८ मिनिटं. काढल्यावर लगेच बटरचा हात फिरवून सुती फडक्याने झाका, वरचं कवच मऊ होतं. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, आत वाफ असते.

पॅटी

आलू टिक्की मी इथे करत नाही, कारण बाजूला दीड किलो बटाटा आहेच आणि मऊ पावात मऊ बटाटा म्हणजे चावायला काही उरतच नाही. राजम्याची पॅटी करा, दातांना काम मिळतं आणि पोट पण भरतं.

एक मोठी वाटी म्हणजे २०० ग्रॅम राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात कुकरला पूर्ण शिजवा, दाणा बोटांनी सहज चेपला गेला पाहिजे. कच्चट राजमा पोटाला खरंच बाधतो, त्यात एक विषारी द्रव्य असतं ते नीट उकळल्यावरच जातं, त्यामुळे इथे घाई नको. मग चाळणीत तासभर निथळू द्या आणि नंतर कोरड्या कढईत पाच-सात मिनिटं परता, दाण्यांची सालं तडकून कोरडी दिसायला लागली की बस. पॅटी तव्यावर फुटते ती ह्या पाण्यामुळे, आणि मग लोक त्यात ब्रेडचा चुरा ओतत जातात आणि चव घालवतात.

चुरा नकोच, आपल्या घरात पोहे असतातच. पाऊण वाटी जाडे पोहे कोरडे भाजून मिक्सरला रवाळ फिरवा, पाणी शोषून घ्यायला ह्यासारखं दुसरं काही नाही. दोन कांदे बारीक चिरून तेलावर तपकिरी होईपर्यंत परता, त्यांचंही पाणी गेलं पाहिजे. राजमा निम्मा चांगला कुस्करा आणि निम्मा अर्धवट, मिक्सरला लावलात तर लापशी होईल. त्यात कांदा, पोह्याचा रवा, १०० ग्रॅम किसलेलं पनीर, आलं-लसूण, १ चमचा तिखट, १ चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, थोडी मिरपूड, १ चमचा सोया सॉस, कोथिंबीर आणि चवीला मीठ. मळून अर्धा तास फ्रिजमध्ये, मग बनच्याच आकाराच्या दीड सेंटिमीटर जाड ८ पॅटी थापा. तव्यावर दोन चमचे तेल, मध्यम आच, एका बाजूला चार-पाच मिनिटं, आणि तोवर उलथनं लावायचं नाही. कडा तपकिरी झाली की आपोआप सुटते. उलटल्यावर लगेच चीज स्लाइस ठेवा आणि मिनिटभर झाका.

चिकन खाणाऱ्यांनी ८०० ग्रॅम खिमा, शक्यतो लेग पीसचा, मीठ अगदी थापायच्या आधी घाला, बनपेक्षा सेंटिमीटरभर मोठी थापा कारण ती आखडते, मध्ये अंगठ्याने खळगा करा, आणि आत गुलाबी राहता कामा नये, थर्मामीटर असेल तर मधोमध ७४ डिग्री.

सॉस आणि बाकीचं

केचप बाटलीतलंच वापरा, मी घरी करत नाही, ढीगभर टोमॅटो आटवून थोडंसंच निघतं. मेयो मात्र घरी करा, पाच मिनिटांचं काम आहे. अर्धा कप गार दूध, पाऊण चमचा मीठ, चमचाभर मोहरीची पेस्ट, लसणाची एक पाकळी, वर १ कप रिफाइंड तेल, उभ्या भांड्यात हँड ब्लेंडर तळाला टेकवून सुरू करा आणि पांढरं व्हायला लागलं की हळूहळू वर घ्या. शेवटी दीड चमचा व्हिनेगर, ते पडलं की लगेच घट्ट होतं. इतकं तेल नको वाटत असेल तर चक्का घ्या, श्रीखंडाला लावतो तसा घट्ट टांगलेला, त्यात लसूण, मिरपूड, मीठ. साधं दही मात्र नको, पाणी सुटतं. दोन्ही सॉस फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस.

टोमॅटोच्या चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि टिपून घ्या. काकडीचंही तसंच, वर थोडं व्हिनेगर. लेट्यूस उन्हाळ्यात मरगळलेलं मिळतं, त्यापेक्षा पत्ताकोबी केसासारखी बारीक चिरून बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि पंचात गुंडाळून झटका, कुरकुरीत राहते.

रचणं

बन आडवा कापून आतल्या बाजूंना बटर लावून तव्यावर सोनेरी शेका. छप्पनवर, म्हणजे इंदूरच्या छप्पन दुकान खाऊगल्लीत, हॉट डॉगचा गोल पाव कसा तव्यावर तुपात शेकतात, तसा तूप लावूनही छान लागतो. ही शेकलेली तुपकट बाजू पाणी आत जाऊ देत नाही, बर्गर न भिजण्याचं अर्धं श्रेय हिचं. मग खालच्या पावावर मेयो, त्यावर पत्ताकोबी, त्यावर चीजवाली पॅटी, वर टोमॅटो, काकडी, कांद्याची चकती, आणि केचप फक्त वरच्या पावाला. पत्ताकोबी पॅटीच्या खाली म्हणजे पॅटीतून काही झिरपलंच तर पावाच्या आधी तिथे अडकतं. इंदूरची बारीक शेव घालायची असेल तर सगळ्यात शेवटी, टोमॅटोला न लागता.

फ्राइजचं दुसरं तळण आणि बर्गर रचणं एका माणसाला एकदम जमत नाही, घरातल्या कुणालातरी रचायला उभं करा. सगळ्यांना बसवून मगच तळायला घ्या, कुणाची वाट बघायची असेल तर पॅटी थांबू शकते, फ्राइज नाही. उरलेच तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, कोऱ्या गरम तव्यावर पसरून तीन-चार मिनिटं परता. बन राहिले तर गार झाल्यावर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात लवकर शिळे होतात. आणि तळणाचं तेल गार झालं की फडक्यातून गाळून अंधारात ठेवा, फोडणीला दोन-चार दिवसांत संपवा, रंग काळा झाला किंवा फेस यायला लागला तर सिंकमध्ये न ओतता जुन्या बाटलीत भरून बंद करून कचऱ्यात द्या.